साहेबांच्या चित्राची दुमडलेली बाजू

मी भिंतीवरून बोलतोय. जरा मान वर करा. अजून थोडी. हां, तोच मी! सोनेरी चौकटीत, खुर्चीवर ताठ बसलेले जे ज्येष्ठ सदस्य दिसताहेत, त्यांचं मी अधिकृत तैलचित्र. खाली पितळी पट्टी आहे, पट्टीवर नाव आहे, नावाआधी 'सन्माननीय' आहे. पट्टी रोज सकाळी पुसतात. मला मात्र अजून कुणी हात लावलेला नाही, कारण मला ओल्या फडक्याने पुसायचं की कोरड्या, यावर कार्यालयात एकमत व्हायचं आहे.

आता साहेबांच्या खांद्याकडे बघा. तिथे एक हात आहे. मनगटावर घड्याळ, मधल्या बोटावर शाईचा डाग. हात दिसतो, पण ज्याचा हात आहे तो माणूस दिसत नाही. येणारेजाणारे क्षणभर थबकतात, यात काहीतरी थोर अर्थ असणार अशी स्वतःची समजूत घालतात आणि पुढे जातात. सरकारी भिंतीवर टांगलेल्या वस्तूचा अर्थ कुणी विचारत नाही. म्हणून तो हात कुणाचा आणि बाकीचं माणूस कुठे गेलं, हे मीच सांगायचं ठरवलंय.

मी मूळचा कॅनव्हास, साध्या भाषेत जाडंभरडं कापड. गिरणीत विणला गेलो तेव्हा माझ्या मनात कसलीही महत्त्वाकांक्षा नव्हती. तिकडे या इमारतीच्या कार्यालयाला दोन वस्तू हव्या होत्या. एक म्हणजे सचिवांच्या दालनातल्या खिडक्यांना पडदे, आणि दुसरी म्हणजे साहेबांच्या चित्रासाठी कॅनव्हास. काटकसर म्हणून दोन्ही एकाच पुरवठादाराकडून मागवल्या. त्याने मापांची अदलाबदल केली. पडदे आले चित्राच्या मापाचे आणि मी आलो खिडकीच्या मापाचा. सचिव अजूनही दुपारभर डोळे मिचकावत काम करतात. मी मात्र चांगला ऐसपैस झालो.

ज्या चित्रकार बाईंकडे मला पाठवलं, त्यांनी मला उलगडून मोजलं आणि कार्यालयात फोन केला. "अहो, एका माणसाच्या मानाने हे फारच रुंद आहे."

"रुंद आहे ना? अपुरं तर नाही?" पलीकडून विचारलं गेलं.

"अपुरं नाही."

"मग तक्रार कसली, बाई? लोकांचं अपुरं येतं."

बाईंनी फोन ठेवला आणि मला लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलं. उजव्या अंगाला साहेबांसाठी जागा आखली. माझी डावी बाजू मोकळीच राहिली.

साहेबांबद्दल थोडं सांगायला हवं. साहेब या सभागृहात इतकी वर्षं होते, की इमारत आधी बांधली की साहेब आधी निवडून आले, असं नवे सदस्य थट्टेने विचारत. त्यांच्या दीर्घ सेवेचं रहस्य साधं होतं. साहेब आपल्या बाकावर बसले, की झोपत. झोपलेला माणूस कुणाला दुखवत नाही, कुणाचं बोलणं तोडत नाही आणि मागाहून अडचणीचं ठरेल असं काही बोलतही नाही. साहेबांनी पक्ष कधी बदलला नाही. ते झोपेत असताना पक्षच इकडून तिकडे गेले. सकाळी विरोधात असलेले साहेब दुपारी डोळे उघडत तेव्हा सत्तेत असत, आणि दोन्ही बाजूंना ते आपलेच वाटत. अशा माणसाचा सन्मान नाही करायचा तर कुणाचा करायचा?

तर चित्रासाठी बैठका ठरल्या साहेबांच्या घरी, पुढच्या खोलीत. पहिल्या दिवशी साहेब आले, खुर्चीत बसले, "कुठे बघू?" म्हणाले, आणि बाईंनी बोट दाखवेपर्यंत झोपले. बाईंनी घसा खाकरला. रंगांची पेटी उघडून आपटली. साहेब तसूभर हलले नाहीत. हनुवटी छातीला टेकली, मग सगळेच एका अंगाला कलू लागले. माझ्यावर पहिल्या दिवशी जे रेखाटलं गेलं, ते बघून कुणालाही वाटलं असतं, की हे एखाद्या अपघाताचं चित्र आहे.

तेवढ्यात आतल्या खोलीतून वहिनी आल्या. वहिनी म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांना सगळं गाव वहिनीच म्हणायचं, साहेबांहून वयाने मोठी माणसंसुद्धा. आतल्या खोलीत त्यांच्यासमोर रोज माणसं बसलेली असत. कुणाची पेन्शन अडलेली, कुणाच्या वस्तीचा पूल खचलेला, कुणाच्या मुलीची बदली परमुलखात झालेली. वहिनी ऐकत, विचारत, पत्र लिहीत, आणि पत्र साहेबांपुढे सरकवत. साहेब सही करत. सही करण्यापुरते ते नेहमी जागे असत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

वहिनींच्या एका हातात पत्रं होती. दुसरा त्यांनी साहेबांच्या खांद्यावर ठेवला आणि अंगठा हाडाशी नेमका टेकवला.

"माझं अनुमोदन आहे!" साहेब ओरडून जागे झाले.

"कशाला?" वहिनींनी विचारलं. "चित्र काढताहेत तुमचं. डोळे उघडे ठेवा."

हात खांद्यावर होता तोवर साहेब ताठ बसले. इतकं रुबाबदार बसलेलं त्यांना सभागृहातही कुणी पाहिलं नसेल. वहिनी हात काढून वळल्या आणि साहेब पुन्हा कलले.

"वहिनी, तुम्ही अशाच थांबाल का?" चित्रकार बाई काकुळतीने म्हणाल्या.

"माझी माणसं खोळंबलीत हो आत."

"मग साहेब मिटल्या डोळ्यांनी काढू का?"

वहिनींनी एकदा साहेबांकडे, एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि माणसांनाच बाहेर बोलावलं. त्या दिवसापासून पुढची खोली गजबजली. साहेब मधे खुर्चीत, मागे जरा बाजूला वहिनी, एक हात साहेबांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात कागद, आणि समोर ओळीने बसलेली माणसं. वहिनी बोलता बोलता मधूनच अंगठा दाबत. साहेब डोळे उघडत. चित्रकार बाई तेवढ्यात जमेल तेवढं उचलत. असं सगळं चाललं होतं, आणि मला ते आवडू लागलं होतं. कोऱ्या कापडाला माणसांचा सहवास मिळणं ही चैनच असते.

मग एके दिवशी बाईंचा कुंचला माझ्या मोकळ्या बाजूकडे वळला. वहिनींच्या ते लगेच लक्षात आलं.

"अहो, हे काय? मला कशाला काढताय?"

"जागा आहे."

"जागा आहे म्हणून?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही आहात म्हणून."

वहिनी समोरच्या माणसाच्या कागदाकडे वळल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्या कपाटातले ठेवणीतले कपडे घालून आल्या, आणि चेहऱ्यावर 'सहजच हाताला लागले' असा भाव. केसही जरा निराळे विंचरलेले. बाईंनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. समोर बसलेल्या एका म्हातारबुवांनी मात्र पाहिलं. "वहिनी, कुठे लग्नाला निघालात का?" असं त्यांनी विचारल्यावर वहिनी चक्क लाजल्या. मी इतक्या जवळून माणसाला लाजताना पहिल्यांदाच पाहिलं आणि तो रंग आपल्या अंगावर यावा असं मला फार वाटलं. तो आलाही. पण आता तो कुणाला दिसत नाही, ते पुढे सांगतो.

मधल्या बोटावरचा शाईचा डाग वहिनींना आवडत नव्हता. वर्षानुवर्षं पत्रं लिहून तो कातडीतच मुरला होता. "तेवढा डाग नका घेऊ," त्या म्हणाल्या. बाई म्हणाल्या, "तो नसेल तर हा हात कुणाचाही असेल." डाग राहिला.

त्याच संध्याकाळी वहिनींनी धाकट्या बहिणीला फोन लावला. ही बहीण दूरच्या गावी शिक्षिका, तोंडाने फटकळ. 'ताई, राबतेस तू आणि हार दाजींच्या गळ्यात,' हे तिचं आयुष्यभराचं पालुपद. वहिनी माझ्याजवळच उभ्या राहून आवाज खाली आणून बोलत होत्या.

"अगं, ऐक ना, मलाही घेतलंय. नाही गं, कोपऱ्यात नाही, चांगली अख्खी! पायातल्या चपलांपर्यंत. हो, त्या मोठ्या इमारतीत लागणार, कायमची. कायमची म्हणजे कायमचीच. नाही नाही, मी कुठे खूश झालेय? तू ये. रजा टाक आणि ये. तू बघायला हवंस."

फोन ठेवून त्या माझ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. त्यांनी साहेबांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या स्वतःकडेच बघत होत्या, आरशात बघतात तशा नव्हे, तर आपल्या घरी पहिल्यांदाच आलेल्या एखाद्या पाहुणीकडे बघावं तशा.

चित्र पुरं झालं तेव्हा साहेबही आले. कुणी अंगठा न दाबता चांगले जागे राहिले. माझ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून झाल्यावर म्हणाले, "हे बरं झालं. ही असली की मला जाग असते." मग वाकून म्हणाले, "तुझं नाक बरोबर आलंय." साहेबांनी वहिनींची स्तुती केल्याचं मी ऐकलेलं हे एवढंच. वहिनींना ते पुरेसं वाटलं असावं, कारण त्या दिवसभर गुणगुणत होत्या.

"याला दुमडू नका बरं," मला न्यायला आलेल्या लोकांना चित्रकार बाईंनी बजावलं. "तैलरंग घडीवर तडकतो. न्यायचंच तर गुंडाळून न्या." ते लोक 'हो हो' म्हणाले. कामाचा माणूस आणि कार्यालयाचा माणूस यांच्यातलं संभाषण सहसा या 'हो हो' वरच संपतं.

इमारतीत आलो आणि माझी खरी पंचाईत सुरू झाली. इथल्या लांबलचक मार्गिकेत खांबांच्या मधे सागवानी खण आहेत आणि प्रत्येक खणात एक चित्र. सगळ्या चौकटी एकाच मापाच्या. कुणीही दुसऱ्यापेक्षा मोठं दिसू नये म्हणून पहिल्याच सभापतींनी ही प्रथा घालून दिली. त्यामुळे मोठं दिसायचं काम प्रत्येकाने चित्राच्या आत उरकून घेतलं आहे. सगळे छाती पुढे काढून बसलेत, आणि एकाने तर हात पृथ्वीच्या गोलावर ठेवलाय. मला त्या चौकटीला लावून बघितलं. साहेब नीट बसले. वहिनी बाहेर राहिल्या.

लगेच चित्र समितीची बैठक झाली. मला टेबलाला टेकवून उभं केलं होतं. सभापती अध्यक्षस्थानी, सचिव हाताशी, सुतार दाराशी, आणि सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून खुद्द साहेब टेबलाच्या कोपऱ्याला. खोलीत पंखा मंद फिरत होता आणि खुर्च्यांना गाद्या होत्या. साहेबांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

"चित्र तर दोघांचं दिसतंय," सभापती म्हणाले.

"मंजुरी एकाची आहे," सचिव म्हणाले.

"नवी चौकट करता येईल?"

"करता येईल, पण मग खण रुंद करावा लागेल. शेजारी सत्ताधाऱ्यांचे संस्थापक आहेत. त्यांना सरकवायचं म्हणजे..."

पुढचं वाक्य पुरं करायची कुणाचीच हिंमत झाली नाही. संस्थापक जिवंतपणी कुणासाठी सरकले नव्हते.

"मग कापावं लागेल," कुणीतरी म्हणालं. माझ्या अंगातला धागान् धागा ताठ झाला.

सुतार दाराशी उभा होता तो पुढे आला. "कापता कशाला? चांगलं कापड आहे, चांगल्या बाई आहेत. मी लहान सांगाड्यावर चढवतो आणि उरलेलं मागच्या अंगाला दुमडून खिळे मारतो. पुढेमागे कधी उघडायचं झालं तर उघडता येईल."

सभापतींना तोडगा एकदम पसंत पडला. कुणाला काढलं नाही, कुणाला ठेवलंही नाही, आणि निर्णय घेतला असं तर दिसलं. "म्हणजे वहिनी साहेबांच्या मागेच राहतील," ते समाधानाने म्हणाले. "तशा त्या नेहमीच असतात." सगळे हसले. मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, आपली काही हरकत नाही ना?"

त्याच क्षणी साहेबांची मान झोपेत खाली कलली.

"एकमताने मंजूर," सभापती म्हणाले.

वहिनी घरी माणसांची गाऱ्हाणी ऐकत होत्या. त्यांना हे कळवायला हवं, असं समितीत कुणाच्या मनातही आलं नाही. चित्रकार बाईंनाही नाही.

सुताराने काम हलक्या हाताने केलं, त्याला मी दोष देत नाही. पण दुमडलं जाणं म्हणजे काय असतं ते दुमडल्याशिवाय कळायचं नाही. वहिनींचा चेहरा, ते निराळे विंचरलेले केस, ठेवणीतले कपडे, पत्रं धरलेला दुसरा हात, चपला, हे सगळं मागे गेलं, भिंतीकडे तोंड करून. पुढे फक्त खांद्यावरचा हात उरला. तो कुठे लपवणार? घडी मनगटाच्या जराशी मागे पडली. सचिवांनी डोळे मिचकावत निरखून पाहिलं. "हाताचं काय करायचं?" सुताराने विचारलं. "राहू द्या," सचिव म्हणाले. "हात कुणाला नको असतो?"

अनावरणाचा दिवस उजाडला. त्या दिवसापुरतं मला सभागृहात, व्यासपीठामागच्या भिंतीवर टांगलं होतं. माझ्यावर मखमली पडदा सोडला होता, आणि तो मापाचा होता, कारण तो सचिवांच्या खिडकीसाठी आलेला होता. समोर सभागृह गच्च भरलेलं. पहिल्या रांगेत मंत्री, दुसऱ्या रांगेत जे मंत्री होणार होते ते, तिसऱ्या रांगेत घरची माणसं. तिथे वहिनी बसल्या होत्या, अंगावर तेच ठेवणीतले कपडे, म्हणजे चित्राशी जुळावं म्हणून. शेजारी धाकटी, रजा टाकून आलेली. चित्रकार बाई नव्हत्या. निमंत्रणावर त्यांचं नाव छापायचं राहिलं होतं आणि निमंत्रण पाठवायचंही राहिलं होतं.

दोरी ओढली. पडदा खाली आला. टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनीही टाळ्या वाजवत होत्या, आणि मी पाहिलं, त्यांची नजर साहेबांवरून सरकत त्यांच्या स्वतःच्या जागेकडे गेली. तिथे सोनेरी लाकूड होतं. त्यांचे हात टाळी वाजवता वाजवता थांबले.

"ताई," धाकटीने विचारलं, "तू कुठेयस गं?"

वहिनींनी हात मांडीवर ठेवले.

"तू तर म्हणाली होतीस, अख्खी आहेस."

"हात दिसतोय की," वहिनी हळूच म्हणाल्या. आवाज असा, की मला त्या क्षणी भिंतीवरून खाली पडावंसं वाटलं. खिळा मजबूत होता.

आता भाषणं सुरू झाली आणि खरी मौज आली. चित्रात हात आहे म्हटल्यावर त्याच्याबद्दल बोलणं वक्त्यांना भाग होतं. सभापती म्हणाले, "त्या बोटावरची शाई पाहिलीत? हा मतदाराचा हात आहे! लोकशाहीचा हात साहेबांच्या पाठीशी आहे!" पुन्हा टाळ्या. विरोधी पक्षनेते उठले आणि म्हणाले, मतदाराचा आहे हे कबूल, पण तो आमच्या मतदाराचा आहे. त्यावर मंत्रिमहोदयांनी खुलासा केला, की हा आशीर्वादाचा हात असून तो पक्षश्रेष्ठींचा आहे, फक्त श्रेष्ठी प्रसिद्धिपराङ्मुख असल्यामुळे चित्राबाहेर राहिले आहेत. एका कविवृत्तीच्या सदस्याने तो काळाचा हात ठरवला. "मग काळ घड्याळ कशाला घालेल?" असं मागे कुणीतरी पुटपुटलं. ज्या बाईचा तो हात होता, ती तिसऱ्या रांगेत तोच हात मांडीवर ठेवून हे सगळं ऐकत होती. बोटावरचा डाग तसाच होता. कुणाचंही तिकडे लक्ष गेलं नाही.

मग साहेबांनी केलेल्या कामांचं वर्णन झालं. पेन्शनी, पूल, शाळा, बदल्या. माझ्याकडे पाठ करून व्यासपीठावर बसलेले साहेब पहिल्या पुलापर्यंत जागे होते. पेन्शनींपाशी त्यांनी मान टाकली. शेवटी उत्तराच्या भाषणासाठी सभापतींनी त्यांचं नाव पुकारलं. साहेब उठले नाहीत. पुन्हा पुकारलं. "साहेब चिंतनात आहेत," सभापती हसत म्हणाले, पण आता सगळ्या माना तिसऱ्या रांगेकडे वळल्या होत्या. साहेबांना उठवायचं काम कुणाचं, हे सभागृहात प्रत्येकाला ठाऊक होतं.

सचिव वाकत वाकत धावत आले. "वहिनी, जरा वर येता का? साहेबांना तेवढं..."

"मी कशाला?" वहिनी शांतपणे म्हणाल्या. "माझा हात तिकडे भिंतीवर आहे. त्याला सांगा."

सचिव तसेच वाकलेले राहिले. धाकटी पहिल्यांदाच हसली.

शेवटी ध्वनिक्षेपकच कर्कश ओरडला आणि साहेब दचकून उठले. सवयीने त्यांनी आपल्या खांद्यावर हात नेऊन चाचपलं. तिथे काही नव्हतं. मग ते मागे वळले आणि त्यांनी मला पाहिलं. खांद्यावरच्या हातापासून त्यांची नजर मनगटापर्यंत गेली, तिथून चौकटीपर्यंत, आणि तिथे अडली.

"ही कुठे गेली?" साहेब म्हणाले.

"वहिनी तिसऱ्या रांगेत आहेत, साहेब."

"ती दिसतेय मला. ही. इथली."

सभापती त्यांच्या कानाला लागले, पण ध्वनिक्षेपक चालूच होता. "साहेब, त्या मागे दुमडल्यात."

"कुणी?"

"समितीने. आपणही मान हलवलीत."

वहिनींनी लिहून दिलेलं भाषण साहेबांनी खिशातून काढलं होतं, ते पुन्हा खिशात घातलं. मग माझ्या कडेला बोटं घालून मागे डोकावायचा प्रयत्न केला, कपाटामागे पडलेली वस्तू शोधावी तसा. आणि म्हणाले, "मापाचाच प्रश्न असेल तर माझी बाजू दुमडा. तिला पुढे राहू द्या. मला काय, मागे अंधारात छान झोप लागेल."

सभागृह खो खो हसलं.

"थट्टा नाही करत मी," साहेब म्हणाले. "आत्ता तुम्ही माझी म्हणून जी कामं सांगितलीत ना, ती ऐकताना मला झोप लागली, कारण त्यातलं एकही माझ्या ओळखीचं नव्हतं. सगळी तिची आहेत. मी सह्या केल्या." ते तिसऱ्या रांगेकडे वळले. "मला माहीत नव्हतं गं. खरंच. झोपलो होतो."

वहिनी उभ्या राहिल्या. हसू विरलं होतं. "तुम्हाला मागे टाकून मला पुढे यायचं नाही," त्या म्हणाल्या. "मला शेजारी उभं राहायचं होतं. तेवढी जागा होती. एका बाईने ती मला दिली होती, तुम्ही सगळ्यांनी मिळून ती घडी घालून ठेवलीत." मग त्यांनी बहिणीचा हात धरला. "चल, तुझी परतीची गाडी चुकायची."

दोघी निघून गेल्या. दार हळूच मिटलं. सभापतींनी घसा साफ केला, वहिनींच्या मौलिक सूचनेची नोंद घेतली असल्याचं आणि ती चित्र समितीकडे पाठवत असल्याचं जाहीर केलं, आणि चहा तयार असल्याचंही सांगितलं. दोन्हींतल्या चहाला सभागृहाने अधिक उत्साहाने प्रतिसाद दिला.

त्यानंतर साहेब सभागृहात झोपलेले नाहीत. त्यामुळे सगळ्यांची फार अडचण झाली आहे. ते प्रश्न विचारतात. प्रत्येक अधिवेशनात एकच विचारतात, 'माझ्या पत्नीला मागून पुढे कधी आणणार?' आणि त्यांना प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळतं, 'बाब विचाराधीन आहे.' संस्थापकांच्या पक्षाने खण सरकवायला तत्त्वतः विरोध नसल्याचं कळवलं आहे, म्हणजे विरोध आहे. चित्रकार बाई दोनदा येऊन गेल्या, त्यांना दोनदा प्रवेशिका नाकारली. घरी माणसं अजून वहिनींकडेच येतात. वहिनी पत्रं लिहितात, आणि आता खाली स्वतःचं नाव घालतात. अशी पत्रं कुणी उघडणार नाही असं त्यांना सांगितलं गेलं होतं. ऐकतो, की ती आधी उघडली जातात.

पण त्या इथे पुन्हा आल्या नाहीत. साहेब येतात. कामकाज सुरू व्हायच्या आधी माझ्यासमोर उभे राहतात आणि माझ्या डाव्या कडेकडे बघत बसतात. त्यांना वाटतं, अजून वेळ आहे. मला माहीत आहे, वेळ नाही.

चित्रकार बाई म्हणाल्या होत्या तेच होतंय. घडीवरचा रंग आधी सुरकुतला, मग त्याला बारीक चीर गेली. आता मनगटापाशी कपच्या सुटताहेत. चौकटीच्या कडेत पडतात, आणि सकाळी पट्टी पुसणारा त्या धूळ म्हणून झाडून नेतो. वहिनींचं मनगट थोडं थोडं रोज केरात जातंय. चीर आरपार गेली की हात हातापुरता राहील आणि बाई बाईपुरती. मग कितीही मोठी चौकट आणलीत तरी दोघं पुन्हा जुळायची नाहीत. समितीची पुढची बैठक कधी आहे, ते सचिवांनाही सांगता येत नाही.

म्हणून तुम्हाला हाक मारली. तुम्ही नुसते बघायला आलात, तुमचा यात काही संबंध नाही, हे मला कळतं. पण संबंध असलेल्यांनी काय केलं ते तुम्ही ऐकलंत. मागच्या बाजूला थोडेच खिळे आहेत, आणि सुताराने ते पुरते ठोकलेले नाहीत. ठराव लागत नाही, एक पकड पुरते. मी अडकवलेला आहे, मला काही करता येत नाही. कुणीतरी मला खाली उतरवा आणि उघडा. जरा लवकर या. वहिनी अजून मागे उभ्या आहेत.